अकराव्या प्रश्नाचा शेरा

शिजत आलेल्या आंबेमोहर भाताचा वास आला की आजही माझा हात आधी दाराच्या कडीकडे जातो. घरच्यांना याची सवय झाली आहे. आमच्याकडे आता तो तांदूळ आणत नाहीत. कुणाच्या घरी पंगतीत पानावर आलाच, तर वास विरेपर्यंत मी मोठ्याने काहीबाही बोलत राहते, आणि लोकांचा समज होतो की मी फार बोलकी आहे.

लहानपणी हाच वास निर्धास्तपणाचा होता. आळेफाट्यावर आमचं कापडाचं दुकान आणि दुकानामागे दोन खोल्यांचं घर. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून उन्हं कलली की आई तांदूळ धुवायला घ्यायची. पातेल्यावरचं झाकण थरथरू लागलं की मोहरासारखा, किंचित तुपकट, किंचित भाजक्या लाहीसारखा वास स्वयंपाकघरातून दुकानापर्यंत यायचा, आणि वडील गिऱ्हाइकाला सांगायचे की आता एवढं एकच ठाण दाखवतो. दिवस संपला, सगळी माणसं घरात आली, बाहेर कुणी राहिलेलं नाही, असा त्या वासाचा अर्थ होता.

तो वास त्याच्या दुसऱ्या अर्थासह मला भेटला राजुरीच्या शिवारात. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरचा एक हिवाळा, दुपारचे चार, उसाच्या दोन फडांमधला हातभर रुंदीचा बांध. पुढे त्या मळ्याच्या मालकीण, आमच्या ओळखीच्या मावशी चालत होत्या, हातात विळा, पाय अनवाणी. मागे मी, छातीशी कागदांची फाईल धरून. ऊस डोक्याच्या वर गेलेला. वारा पडलेला. आणि एकाएकी, जिथे कुठेच चूल नव्हती, तिथे भात शिजला.

मला वाटलं, जवळच कुणाची वस्ती असेल. मी तसं विचारणार, तोच मावशी थांबल्या. वळून न पाहता त्यांनी हात मागे केला आणि माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा कोरडा आणि गार होता.

"पळू नगं. वाकू नगं," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "आन् बोलत ऱ्हा. मोठ्यानं."

त्या वेळी मला कॉलेजात कविता शिकवायला लागून दहा वर्षं होत आली होती. तोंडपाठ असलेल्या शेकडो ओळींपैकी एकही ओळ त्या घडीला माझ्याकडे आली नाही. हातात होता तो पाहणीचा फॉर्म. म्हणून मी फॉर्म वाचू लागले.

"प्रश्न पहिला. कुटुंबातील सदस्यांची संख्या."

"चार," मावशींनी तलाठ्याला सांगावं तसं खणखणीत उत्तर दिलं, आणि आम्ही दोघी तोंड वासाच्या बाजूला ठेवून एकेक पाऊल मागे सरू लागलो.

"प्रश्न दुसरा. पाळीव जनावरे."

"दोन म्हशी, एक गाय. शेळ्या व्हत्या, आता न्हाईत."

डाव्या हाताच्या फडात पाचट वाजलं. वाळलेल्या पानावर काहीतरी जड, पण अतिशय हलक्या रीतीने टेकावं, तसा तो आवाज होता. आम्ही थांबलो की थांबायचा. आम्ही सरकलो की सरकायचा. माझे कान इतके ताणले गेले होते की माझ्याच गळ्यातल्या साखळीचा आवाज मला ऐकू येत होता.

"प्रश्न तिसरा," मी जवळजवळ ओरडले, "आपणांस वन्यप्राण्यांच्या संरक्षणाच्या कायद्याची माहिती आहे काय?"

"आमाला हाये," मावशी उसाकडे तोंड करून म्हणाल्या. "त्याला हाये का, त्ये इचार."

दहाव्या प्रश्नापर्यंत बांध संपला. मी अंगणातल्या ओट्यावर येऊन बसले. मावशींनी तांब्या पुढे केला आणि माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुझा कायदा लई लांबडा हाये. बांध सरला तरी सरंना." मग त्यांनी विळा कुडाला खोचला. पहिल्या खेपेला तो निसटून खाली पडला.

मी त्या शिवारात का गेले होते, ते सांगायला हवं. पुण्याच्या एका छोट्या अभ्यासगटाने आमच्या भागात एक पाहणी हाती घेतली होती. गटाच्या प्रमुख बाई कायद्याच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांचं म्हणणं असं, की कायदा मंजूर झाला की सगळे टाळ्या वाजवून घरी जातात. तो पुढे चालतो, रांगतो की जागीच मरून पडतो, हे बघायला कुणी मागे वळत नाही. वन्यप्राण्यांच्या कायद्याला तेव्हा तीस वर्षं होत आली होती. जनावरांना क्रूरपणे वागवू नये हा कायदा तर त्याहून जुना. या दोन्ही कायद्यांचं जुन्नर-आंबेगावात नेमकं काय झालं, हे घरोघरी जाऊन विचारायचं होतं, कारण इथे बिबट्या डोंगर सोडून उसात राहायला आला होता. बायका परक्या पुरुषांशी बोलत नाहीत, म्हणून त्यांना या भागातली बाई हवी होती. मी होकार दिला. आजही मला वाटतं, त्या होकारात काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं.

दोन महिने मी हिंडले. पिंपळवंडी, आळे, राजुरी. नंतर आंबेगावच्या बाजूला घोडनदीकाठची गावं. कायदा मला सगळीकडे दिसला, पण ओळखू येणार नाही अशा रूपात. बिबट्याने मारलेली शेळी पंचनामा होईपर्यंत हलवायची नाही, असा नियम. आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत ती शेळी दारात फुगत पडलेली, आणि संध्याकाळी तिच्याच वासावर बिबट्या परत आलेला. एका घरी बाई मला म्हणाली की मेलेल्या शेळीची राखण करायला लेकरं दाराआड बसवली होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती फक्त सांगत होती. काही वस्त्यांवर तर अकराव्या प्रश्नाला, म्हणजे 'आपल्या शेतात वन्यप्राण्याचा आसरा आढळला आहे काय' या प्रश्नाला, ओळीने सगळ्यांनी 'नाही' म्हटलं. प्रमुख बाई त्या 'नाहीं'वर खूश झाल्या. मीही झाले. उत्तरं ही उत्तरं असतात, असं तेव्हा मला वाटायचं.

मावशींना मी लहानपणापासून ओळखत होते. दर दिवाळीला त्या आमच्या दुकानात लुगडं घ्यायला यायच्या, सगळी ठाणं उलगडायला लावायच्या आणि शेवटी पहिलंच घ्यायच्या. आई त्यांना पाणी द्यायची. त्या मला शेटजींची पोर म्हणायच्या. त्यांचं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातलं. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. तसल्याच एका धरणाच्या पाटावर सासरचा ऊस उभा राहिला. मुलगा टेम्पो घेऊन भाजी वाशीला न्यायचा, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. मळ्यातल्या त्या एकट्या घरात मावशी, सून आणि चार वर्षांची नात.

त्या दिवशी ओट्यावर त्यांनी मला सांगितलं, की तो भाताचा वास बिबट्याच्या मादीच्या मुताचा. ती हद्द आखते. "माझी आय म्हनायची, रानात भात शिजला की घराकडं वळावं." आणि मग ती कोण ते सांगितलं. डाव्या कानाला खाच असलेली मादी. तीन सुग्या झाल्या, याच फडाच्या आसपास असते. ऊस तुटला की शेजारच्या फडात जाते, वाढला की परत येते. पहिल्या वर्षी शेळ्या नेल्या, म्हणून मावशींनी शेळ्या पाळणं सोडलं. म्हशींच्या गोठ्याला जाळी केली. शेतात जाताना बोलत जायचं, नात अंगणात असली की एकीने कुडाशी उभं राहायचं, घास कापताना उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेलं माणूस तिला जनावर वाटतं. या सगळ्या रीती त्यांनी एकेक करून बसवल्या होत्या. तिनेही आपल्या बसवल्या होत्या.

"मग फॉरेस्टला का कळवत नाही?" मी विचारलं. "पिंजरा लावतील."

"लावत्यात की. आन् हिला नेत्यात. मंग मोकळ्या रानात दुसरं येतं. त्याला ना आमची रीत ठावं, ना आमाला त्याची." त्यांनी घरात पाहिलं. नात पाटीवर काहीतरी गिरवत होती. "वळखीचं जनावर बरं, पोरी. नव्याला शिकवंपतुर कोन वाचतंय."

मी फॉर्म पुढे घेतला. अकरावा प्रश्न रिकामा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ल्ही," त्या म्हणाल्या. "तू ल्हायला आलीस तर ल्ही. पर कुनाला दावू नगं. तुझ्या भरवशावं सांगितलंय."

मी म्हटलं, फॉर्मवर नाव नसतं, मावशी. गाव असतं फक्त. कुणाला कळणार नाही. त्यांनी मान हलवली, आणि मला सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून लगबगीने मुगाची आमटी नि भाकरी पुढे ठेवली, कांदा-लसणाशिवाय. माझ्या घरची रीतही त्यांच्या लक्षात होती.

घरी येऊन मी शेरा लिहिला. नियम असा होता की 'होय' किंवा 'नाही' यावर खूण करायची. शेऱ्याचा रकाना गरज असेल तरच. पण भीती अजून अंगात होती, आणि भीती शब्दांत उतरवली की ती आपल्या मालकीची होते, असं मला त्या वयात वाटत असे. मी लिहिलं: 'होय. विहिरीच्या पूर्वेस, जुन्या उंबराच्या पलीकडे, तिसऱ्या सरीत पाचट दबून गुळगुळीत झाले आहे. डाव्या कानाला खाच असलेली मादी, तिसरी सुगी. ओलाव्याशेजारी सावली, सावलीत ऊब. भात शिजल्यासारखा वास.' दोनदा वाचलं. 'ओलाव्याशेजारी सावली' मला फार आवडलं.

प्रमुख बाईंनाही ते आवडलं. त्यांनी फोन करून सांगितलं की चारशे कोरड्या फॉर्मांत एक फॉर्म जिवंत आहे.

महिनाभरात नदीपलीकडच्या एका गावात बिबट्याने माणसावर हल्ला केला. माणसं रस्त्यावर आली, टायर पेटले, अधिकाऱ्यांना घेराव पडला. पिंजरे हवेत, आजच्या आज हवेत, असं सगळीकडून सुरू झालं. कुठे लावायचे, हा प्रश्न होता. अभ्यासगटाकडे माहिती आहे, हे कुणालातरी आठवलं. बाईंनी मला नंतर कळवलं की मागितल्यावर कागद देणं भाग होतं, आणि तू काळजी करू नकोस, एकाही फॉर्मवर कुणाचं नाव नाही. मी फोन ठेवला. नाव नव्हतं. पण उंबर होता. विहीर होती. पूर्व होती, आणि तिसरी सरी होती. राजुरीच्या त्या अंगाला जुना उंबर एकच.

मी काय करायला हवं होतं, ते मला त्याच क्षणी माहीत होतं. सकाळच्या गाडीने जाऊन मावशींना सांगायला हवं होतं. मी चार दिवस गेले नाही. कॉलेजात तास घेतले, वह्या तपासल्या. चौथ्या दिवशी वडिलांनी दुकानात ऐकलेली बातमी घरी आणली, की मावशींच्या मळ्यात पिंजरा लागला.

मी गेले तेव्हा पिंजरा उंबराखाली होता. वरून उसाची पानं टाकून झाकलेला, आणि मागच्या वेगळ्या कप्प्यात शेळी. कायद्याप्रमाणे सगळं बिनचूक होतं. भक्ष्याला इजा होऊ नये म्हणून मध्ये गजांची भिंत, चारा, पाण्याची पाटी. माझ्या फॉर्मवर त्यासाठी एक प्रश्न होता आणि त्यावर मला 'होय' अशी खूण करावी लागली असती. पण शेळी पाण्याला तोंड लावत नव्हती. तिच्या गळ्यात कुणीतरी घंटा राहू दिली होती, आणि ती घंटा थांबत नव्हती. ती हलत नव्हती, चालत नव्हती. चारी पाय रोवून उभी होती आणि घंटा वाजत होती. कापणं इतकं बारीक होतं की डोळ्यांना दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. तिच्याजवळ उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही तशीच उभी आहे. फक्त माझ्या गळ्यात घंटा नाही.

मावशी ओट्यावर बसून होत्या. त्यांनी लवकर पान वाढलं.

तिसऱ्या सकाळी ती मादी पिंजऱ्यात सापडली. मी पोचले तोवर आळे-पिंपळवंडीहून मोटारसायकली भरभरून माणसं आली होती. गर्दी करू नये, जनावराला त्रास देऊ नये, असं फॉरेस्टचा माणूस ओरडून सांगत होता. तो एकटा होता आणि घामाघूम झाला होता. कुणी काठीने गज वाजवत होतं. तिने गज चावून हिरड्या फोडून घेतल्या होत्या. जमिनीवर रक्त होतं, आणि त्या रक्ताच्या वासात, लोखंडाच्या वासात, डिझेलच्या धुरात भात शिजत होता. माणसांच्या पायांमधून मला तिचा डावा कान दिसला. खाच माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती.

जीप गेली. धूळ बसली. मावशी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"कुनी सांगितलं आसंल?" त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. मला बोलायला हवं तितका वेळ होता.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

पुढची सुगी येईपर्यंत मी त्या बाजूला फिरकले नाही. अहवाल छापून झाला. त्यात एक वाक्य होतं की कायद्याची अंमलबजावणी करताना स्थानिकांच्या अनुभवाचा आदर व्हावा. माझा फॉर्म नावाशिवाय, गावाशिवाय, नमुना म्हणून परिशिष्टात दिला होता. उंबर त्यातही होता.

मग एका दुपारी दुकानात कुणीतरी सांगितलं. मावशी म्हशींसाठी घास कापत होत्या. पाठीत उसण भरली होती म्हणून पाच मिनिटं उकिडव्या बसल्या. तो मागून आला. नवा होता; कुठून आला कुणालाच ठाऊक नव्हतं. सुनेने पाण्याची कळशी फेकून मारली आणि तो निघून गेला. मावशी वाचल्या. डावा खांदा फाटला. टाके इतके पडले की डॉक्टरांनी मोजून सांगितले नाहीत.

मी दवाखान्यात गेले नाही. हे लिहितानाही बोटं अडतात, पण नाही गेले. मला भीती वाटत होती, आणि ती त्या जनावराची नव्हती. मावशी मला पाहून काय म्हणतील, याची होती. त्याहून जास्त, त्या काहीच न म्हणता पाणी पुढे करतील, याची होती. त्या वर्षी संवत्सरी आली. आमच्यात त्या दिवशी वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागतात. हात जोडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायचं. मी शेजाऱ्यांना म्हटलं, विद्यार्थ्यांना म्हटलं, पुण्याला फोन करून प्रमुख बाईंना म्हटलं. आई विचारत होती, अजून कुणी राहिलंय का. मी म्हटलं, नाही. असं पाच वर्षं चाललं. दर भाद्रपदात ते दोन शब्द माझ्या तोंडात उरत, आणि संध्याकाळी कुणाच्या घरात भात शिजला की मी दाराला कडी लावत असे.

पाच वर्षांनी अभ्यासगटाने दुसरी पाहणी ठरवली. तीच घरं, तेच प्रश्न. मधल्या काळात काय बदललं ते बघायचं. बाई थकल्या होत्या, पण यादी त्यांनी स्वतः पाठवली. राजुरीचं नाव मी खोडू शकले असते. दुसऱ्या कुणाला पाठवू शकले असते. मी फाईल उचलली आणि निघाले, कारण न जाण्याचीही मला आता तेवढीच धास्ती वाटू लागली होती.

उंबर तसाच होता. ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेलेला. मावशी ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या, फक्त उजव्या हाताने. डावा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतला असावा. त्यांनी मला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मला भीती होती तसंच.

मी पाणी प्यायले नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, मावशी, तो कागद माझा होता. उंबर, विहीर, तिसरी सरी, सगळं मी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. आणि हात जोडून ते दोन शब्द म्हटले. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला.

शेंगा निवडणारी बोटं थांबली नाहीत.

"ठावं हाये," त्या म्हणाल्या. "त्यो फॉरेस्टवाला कागद हातात धरूनच आला व्हता. बांधावं हुबा ऱ्हाऊन वाचीत व्हता, तिसरी सरी, तिसरी सरी. सावली न् ऊब, आसं बी काय काय. मी म्हन्लं, आसं ल्हिणारी आमच्याकडं एकच हाये."

"मग मला विचारलंत का?"

"तू काय म्हनतीस त्ये बघाया."

मी खाली बसले. मावशींनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले, आणि म्हणाल्या की आलीस ते कामाला आलीस, तर काम कर, दिवस कलायला लागलाय. सुनेला त्यांनी हाक मारून सांगितलं की भाकरी टाक, हिला उजेडात जेवावं लागतं.

मी फॉर्म काढला. कुटुंबातील सदस्य. पाळीव जनावरे. कायद्याची माहिती. मी विचारत होते, त्या उत्तरं देत होत्या, हळूहळू आमचे दोघींचे आवाज नेहमीचे झाले. आठव्या-नवव्या प्रश्नाच्या सुमाराला पलीकडच्या बांधावरून दुसरा एक आवाज येऊ लागला. बारीक, खणखणीत, एका सुरातला. कुणीतरी सतराचा पाढा म्हणत होतं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. मावशींची नात शाळेतून येत होती. नऊ-दहा वर्षांची, पाठीवर दप्तर, ताठ चालत होती, पळत नव्हती, आणि तोंडाने पाढा इतक्या मोठ्याने की विहिरीत घुमावा. सतराचा संपला, तिने श्वासही न घेता अठराचा सुरू केला.

माझं पेन थांबलं. मला त्या चालण्याची ओळख होती. अशाच एका दुपारी, अशाच एका बांधावरून, मी प्रश्न वाचत चालले होते.

नात अंगणात आली आणि पाढा मधेच तुटला. मावशींनी तिच्याकडे पाहून मान हलवली. ती आत गेली. वारा नव्हता. अंगणालगतच्या उंबराच्या बुंध्यावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, साल नखांच्या ताज्या रेघांनी सोललेली होती, आणि त्या रेघांत चीक अजून ओला होता. चुलीवर तवा तापत होता. सून भाकरी थापत होती. ज्वारीचा, धुराचा वास येत होता. आणि त्या वासाच्या पाठीमागून, विहिरीच्या अंगाने, भात शिजल्याचा.

मी मावशींकडे पाहिलं. त्यांच्या नाकपुड्या किंचित हलल्या होत्या. त्यांचा उजवा हात आता डाव्या खांद्यावर होता, लुगड्याच्या पदरावरून, जिथे तो फाटला होता. आतून नातीचं दप्तर ठेवल्याचा आवाज आला, तशी त्यांची नजर एकदा दाराकडे गेली आणि परत माझ्या कागदावर आली. त्या वाट पाहत होत्या.

मग मी अकरावा प्रश्न वाचला, हळू, एकेक शब्द, जसा फॉर्मवर छापला होता तसा: आपल्या शेतात वन्यप्राण्याचा आसरा आढळला आहे काय. शेऱ्याचा रकाना मी तळहाताने झाकून धरला होता.

मावशींनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि म्हणाल्या,

"न्हाई."